वारज्याच्या उतारावरचं चाक

१

रविवारी सकाळी साडेसातला अनंतराव बेहेरे आपली हिरवी गाडी घेऊन निघाले आणि आठच्या आत वारज्याच्या उतारावर त्यांचा शेवट झाला. गाडीचं मागचं डावं चाक धावता धावता निघालं. चाक उताराने एकटंच पुढे पळत गेलं आणि गाडी कठड्यावर आदळली.

अनंतराव माझे शेजारी. एरंडवण्यात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. पत्नी वारलेली, मुलगा गंधार सॅन होजेला सॉफ्टवेअरमध्ये. सोबतीला होती ती १९५९ सालची विलायती, दोन सीटांची, तारांच्या चाकांची गाडी.

सकाळी उठल्यापासून नऊपर्यंत माझं मौन असतं. यजमान गेल्यापासून धरलंय. घरात बोलायला कोणी नसलं की हे व्रत फारसं कठीण जात नाही. त्या रविवारी मी तुळशीला पाणी घालत होते. अनंतरावांनी फाटकापाशी गाडी थांबवली.

"सरोजिनीबाई, वारज्याला चाललोय. एक सीट मोकळी आहे. येता?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ते हसले. "बरोबर. तुमचं व्रत. चालू द्या."

त्यांच्याशी शेवटचं बोलणारी मीच, आणि मी बोललेच नाही.

मंगळवारी दहाच्या सुमारास महिपती दारात उभा राहिला. वारज्याचा मेकॅनिक, पन्नाशीचा. अनंतरावांच्या गाडीला वीस वर्षं दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आठ-दहा दिवसांपूर्वी त्यानेच मागच्या चाकांचे दोन्ही हब काढून पुन्हा बसवले होते. आतलं ऑइल सील जाऊन तेल ब्रेकवर उतरत होतं म्हणून. आता गंधारने त्याच्याविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार दिली होती. गॅरेजचं शटर खाली होतं.

"ताई," तो म्हणाला, "नटाला पिन मी घातली होती ना?"

"ते मला कसं माहीत असणार, महिपती?"

"तेच तर. मला आठवतंय घातल्याचं. पण रोज थोडं थोडं कमी आठवतंय." त्याने दोन्ही हात पुढे धरले. "दोन दिवस पाना उचलला नाही. उचलवत नाही. तुम्ही कारखान्यात तपासणीला होता. एकदा बघता का? माझ्याच हातून झालं असेल तर तसं सांगा. जेलात जाईन. पण हे न कळणं सोसवत नाही."

२

भोसरीच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणी विभागात होते. आटे, भोकं, खाचा मापात आहेत की नाहीत, एवढंच पाहायचं. माणसांपेक्षा नट-बोल्ट बरे. खोटं असेल तर बोटाला लगेच कळतं.

पोलीस चौकीच्या आवारात गाडी ताडपत्रीखाली होती. फौजदार सुखदेव कागदातून मान वर न करता म्हणाले, "बाई, गाडी बघून काय करणार?"

"हात लावणार."

"लावा. हात लावल्याने चालू झाली तर आमची जीपही तुमच्याकडे पाठवतो."

डाव्या बाजूला चाक नव्हतं, उघडा हब होता. हब म्हणजे चाकाचं मधलं भांडं. ते आसाच्या टोकावर घट्ट बसतं, आणि सुटू नये म्हणून खाचांचा मोठा नट आवळून त्यातून पिन घालतात. पिन जागेवर होती, टोकं नीट वळवलेली. महिपतीची निम्मी काळजी तिथेच संपायला हवी होती.

पण हबच्या बाहेरच्या तोंडालाही आटे असतात. त्यांच्यावर दोन कानांचा एक मोठा नट बसतो, कानांवर हातोडी मारून तो आवळतात, आणि तो चाकाला धरून ठेवतो. मी त्या आट्यांवरून बोट फिरवलं आणि थांबले. पुन्हा फिरवलं. मग पलीकडे जाऊन उजवी बाजू पाहिली.

"साहेब, या गाड्यांच्या डाव्या हबला उजवे आटे असतात आणि उजव्या हबला डावे. त्यामुळे गाडी पुढे धावली की कानांचा नट आपोआप आवळत जातो. इथे उलटं आहे. उजवा हब डावीकडे लागलाय, डावा उजवीकडे. असं झालं की धावताना नट सुटत जातो."

सुखदेवांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पिन विसरला नाही, हबच उलटे बसवले. दोन्ही हब बसवले कोणी? महिपतीने." त्यांनी कागद पुढे ओढला. "बाई, तुम्ही त्याला सोडवायला आलात की अडकवायला?"

३

महिपती माझ्या ओसरीवर बसून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "होऊच शकत नाही."

"का?"

"माझ्या उस्तादांची शिकवण. एका वेळी एकच बाजू उघडायची. डावं काढलं, डावं बसवलं, चाक लावलं, गाडी खाली घेतली, मग उजवीकडे जायचं. दोन हब एकत्र जमिनीवर आलेच नाहीत तर बदलणार कसे? अनंतकाकासुद्धा कंटाळायचे. म्हणायचे, अरे, दोन्ही एकदम काढ की, दोन दिवसांचं काम एका दिवसात होईल."

"हे तू म्हणतोस. फौजदार म्हणतील, बाकी सगळे मेकॅनिक असंच म्हणतात."

"मग हे विचारा त्यांना. काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी नि काका गाडी घेऊन पौडला जाऊन आलो. पन्नास किलोमीटर. काकांचे गाडीवेडे मित्र दत्तप्रसाद पानसे आमच्या मागे त्यांच्या गाडीत होते. हब उलटे असते तर आम्ही कोथरूड तरी ओलांडलं असतं का?"

हे खरं होतं. म्हणजे अदलाबदल त्या शनिवारनंतर झाली होती. आणि अनंतरावांच्या स्वयंपाकीण वेणूबाईंनी शपथेवर सांगितलं होतं की पौडहून आल्यावर गाडी थेट शेवटच्या रविवारीच बाहेर पडली.

"तुझं येणं-जाणं?"

"दर गुरुवारी. आमच्याकडे गुरुवारी लाईट नसते, गॅरेज बंद. वर्षभर दर गुरुवारी काहीतरी निघायचंच गाडीचं. कधी प्लगची वायर सैल, कधी हॉर्न बंद. दहा मिनिटांचं काम, मग चहा. त्या मधल्या गुरुवारी मात्र गेलो नाही. म्हटलं, आत्ताच दोन दिवस तिथे होतो, आता काय बिघडणार? शुक्रवारी वाघोलीला भाचीची सुपारी फुटली, तिकडे होतो. शनिवारी दुपारी काकांचा फोन. म्हणे मागच्या चाकातून परत तेल गळतंय. मी म्हटलं, काका, हातात तीन गाड्या आहेत, रविवारी सकाळी तुम्हीच घेऊन या."

वारज्याला ते का निघाले होते, हे मला तेव्हा कळलं.

"तेल गळतंय म्हणाले?" मी विचारलं. "नवीन सील घालून जेमतेम आठ दिवस झाले असताना?"

दुसऱ्या दिवशी चौकीत महिपतीच्या समोरच हब उतरवले. सील नवंच होतं. त्याची रबरी कड एका जागी ब्लेडने सरळ कापलेली होती. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आणि हबच्या खाचांना महिपतीच्या तपकिरी ग्रीसऐवजी काहीतरी पांढरं, वासाचं लावलेलं होतं.

"हे मी केलं नाही," महिपती म्हणाला.

"दिसतंय," सुखदेव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कोणीतरी मुद्दाम केलंय."

४

दत्तप्रसाद पानशांचं बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद, आणि अनंतरावांची हिरवी गाडी त्यांनी चार वेळा मागितली होती.

"पाच वेळा," त्यांनी दुरुस्ती केली. "चार वेळा नाही म्हणाले. पाचव्यांदा म्हणाले, मी गेल्यावर बघू. आता मी संशयित, असंच ना? या, बसा. संशयिताकडे चहा मिळत नाही, पण खुर्ची आहे."

"हब ओढून काढायचा पुलर आहे तुमच्याकडे?"

"होता. शुक्रवारी सकाळी अनंतराव घेऊन गेले. महिपतीला हवाय म्हणाले."

"महिपतीकडे स्वतःचा आहे."

"मलाही तसंच वाटलं. पण पंचाहत्तरीच्या माणसाला उलट प्रश्न विचारून काय मिळवायचं?" मग दुसरीकडे पाहत, "एवढं जड लोखंड रिक्षातून नेलं हो त्यांनी. मी म्हटलं पोरगा पाठवतो, तर नको म्हणाले."

पुलर अनंतरावांच्या शेडमध्ये पोत्याखाली सापडला.

वेणूबाई त्यांच्याकडे चौदा वर्षं स्वयंपाकाला होत्या. शुक्रवारी त्या लेकीकडे जातात. मी विचारण्याआधीच त्यांनी आपली तक्रार मांडली.

"टाचेच्या भेगांसाठी व्हॅसलिनची मोठी बाटली आणली होती मी, बाई. अर्धी तरी शिल्लक होती. शनिवारी बघते तर कोरडी! साहेबांना विचारलं तर म्हणाले, मांजराने खाल्लं असेल. घरात मांजर कुठाय?"

"गंधारला कळवलं कोणी?"

"मीच. रविवारी साडेअकराला फोन केला. सूनबाई होत्या, वल्लरीताई. म्हणाल्या, सांगते त्यांना. आणि गंधारदादा चार वाजता दारात हजर. फार धावत आला बिचारा."

त्यांनी डोळे पुसले. मी मात्र घड्याळाकडे पाहत राहिले. सॅन होजे ते पुणे, साडेचार तासांत?

५

गुरुवारी सकाळी सातलाच गंधार आला. माझी पोथी चालू होती. मी हाताने बस अशी खूण केली. माझ्या मौनाचं त्याला ठाऊक होतं, पण त्याच्या लक्षात नसावं.

"काकू, तुम्ही दत्तप्रसादकाकांना भेटलात, वेणूबाईंना भेटलात. मला का नाही?"

मी पान उलटलं.

"तुम्हाला कळलंय ना?"

शांततेची सवय नसलेल्या माणसाला ती टोचते. तो उठला, पुन्हा बसला.

"ओके. मी अपघाताच्या आधीच्या बुधवारपासूनच पुण्यात होतो. हिंजवडीत आमचं युनिट सुरू होतंय, त्यासाठी. हॉटेलवर होतो. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी राहावं लागलं असतं, आणि मग बंगल्याचा विषय. बिल्डर मागे लागलाय, बाबा ऐकत नाहीत, चार वर्षांनी भेटायचं आणि तेच भांडण. म्हटलं, काम संपवू, शेवटच्या दिवशी सरप्राइज देऊ." तो हसल्यासारखं करत थांबला. "शुक्रवारी दुपारी न राहवून आलो होतो. फाटकापर्यंत. शेडमधून हातोडीचे आवाज येत होते. बाबा कोणाशी तरी बोलत होते, अगदी मजेत. म्हटलं, महिपती आलाय, कशाला मध्ये जायचं. गेलो परत."

माझं बोट पोथीतल्या ओळीवर थांबलं.

"त्यानेच मारलं त्यांना, काकू. माझ्या कानांनी ऐकलंय मी काम चालू असताना. मी सोडणार नाही त्याला."

नऊ वाजायला अजून दीड तास होता. मी त्याला चहा करून दिला. तो न पिताच गेला.

शुक्रवारी दुपारी महिपती वाघोलीत होता. भाचीच्या सुपारीला, पन्नास माणसांत. मग शेडमध्ये हातोडी कोण चालवत होतं, आणि अनंतराव बोलत कोणाशी होते?

६

उत्तर मला त्या गुरुवारी दुपारीच कळलं होतं. पण रविवारपर्यंत मी गप्प राहिले. खरं सांगावं की नाही, हे देवापुढे बसून तीन दिवस विचारलं. देव नेहमीप्रमाणे माझ्यावरच सोपवून बसला.

रविवारी दहा वाजता गंधार आणि महिपती, दोघांना शेडमध्ये बोलावलं. ते एकमेकांकडे पाहत नव्हते.

"मारायचं असतं," मी म्हटलं, "तर कोणी सील कापत बसत नाही. सील कापलं की थेंब थेंब तेल गळतं, एवढंच. चार-सहा दिवसांनी ब्रेकला वास येतो आणि माणूस मेकॅनिकला बोलावतो. म्हणजे सील कापणाऱ्याला अपघात नको होता. त्याला बिघाड हवा होता."

"बिघाड कोणाला हवा असतो?" गंधारने चिडून विचारलं.

"तेच शोधू. महिपती, सील कापलेली गाडी नुसती उभी असेल तर तेल गळेल?"

तो विचार करून म्हणाला, "नाही. उभ्या गाडीचं तेल खाली, मधल्या पेटीत राहतं. चाकापर्यंत ते गाडी धावल्यावरच उडतं."

"गाडी पौडहून आल्यावर बाहेर पडली नव्हती. तरी शनिवारी अनंतरावांनी तुला फोन करून सांगितलं, तेल गळतंय म्हणून. गळण्याआधीच त्यांना कसं कळलं?"

महिपतीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. गंधारच्या अजून नाही.

"पुलर त्यांनी आणला, तुझं नाव सांगून. त्याच दिवशी वेणूबाईंचं व्हॅसलिन संपलं, कारण ग्रीसचा डबा तू बरोबर नेला होतास. हब आठ दिवसांपूर्वीच सुटले होते, त्यामुळे पुलर लावून लांब पाइपने जोर दिला की म्हाताऱ्या हातांनाही निघाले. दोन दिवस शेजारी बसून त्यांनी तुझं सगळं काम पाहिलं होतं. कुठली गोष्ट कशी काढायची, कशी बसवायची, पिन कशी वळवायची. फक्त एक गोष्ट त्यांना तुझा संथपणा वाटली."

"एका वेळी एक बाजू," महिपती पुटपुटला.

"त्यांनी दोन्ही एकदम काढले. पुसून शेजारी ठेवले. दोन्ही दिसायला सारखेच. नटाच्या कानांवरची डावं-उजवं सांगणारी अक्षरं चाळीस वर्षांच्या हातोडीने पुसलेली. आपापल्या नटासकट हब उलट्या बाजूंना गेले."

"काकू, स्टॉप." गंधार उभा राहिला. "बाबा स्वतःच्याच गाडीचं नुकसान का करतील? ती त्यांचा जीव होती."

मी महिपतीकडे पाहिलं. "वर्षभर दर गुरुवारी गाडीचं काय काय बिघडलं, सांग त्याला."

"प्लगची वायर. हॉर्न. फ्यूज. दिव्याचा स्क्रू..." तो एकेक सांगत गेला आणि प्रत्येक नावासरशी त्याचा आवाज बारीक होत गेला. "सगळं हाताने ढिलं करता येण्यासारखं."

"वायर म्हणजे दहा मिनिटं आणि एक चहा. मग हबचं काम निघालं, ते खरंच निघालं, आणि तू दोन दिवस इथे होतास. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यानंतरच्या गुरुवारी आला नाहीस. म्हणून शुक्रवारी त्यांनी पुन्हा दोन दिवसांचं काम तयार केलं."

"पण मी आवाज ऐकले! ते कोणाशी तरी बोलत होते!"

"तुम्ही ऐकलं ते..." महिपती म्हणाला. "काका काम करताना माझ्याशी बोलायचे ना, तसंच बोलत असतील. मी नसलो तरी."

गंधार खाली, फरशीवर बसला. फाटकापासून शेड बारा पावलांवर आहे. ती बारा पावलं तो मनात मोजत असावा.

७

चौकीत गर्दी नव्हती. सुखदेवांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, मग गंधारकडे वळले.

"तक्रार तुमची. हे बाईंचं म्हणणं तुम्हाला मान्य असेल तर तसा जबाब द्यावा लागेल. नाहीतर महिपतीवरचा गुन्हा चालू राहील, कोर्टात काय ते होईल. दोन-चार वर्षं लागतात."

गंधारची परतीची फ्लाइट मंगळवारी होती. सही न करता तो गेला असता तर कोणी अडवलं नसतं. दोष महिपतीवर राहिला असता, आणि वडील नुसते अपघातात गेले, असं त्याला कुठेही सांगता आलं असतं.

महिपती दाराशी उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता.

"लिहा," गंधार म्हणाला.

"काय लिहू? मयताने स्वतः हब काढून बसवले, बसवताना उलटे बसवले. कारण?"

"त्यांना सोबत हवी होती."

सुखदेवांनी पेन थांबवलं. "असं कारण आम्ही लिहीत नाही, साहेब. इथे बसत नाही ते. हौस म्हणून, असं लिहितो."

"नाही." गंधारचा आवाज चढला नाही. "हौस नव्हती. मी सांगतो तेच लिहा. आणि हेही लिहा, की त्या दिवशी मुलगा पुण्यातच होता."

"त्याचा केसशी संबंध नाही."

"लिहा."

सुखदेवांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं. गंधारने वाचलं, इंग्रजीत सही केली, खोडली आणि मराठीत केली.

बाहेर ऊन कडक झालं होतं. महिपती स्कूटरपाशी गेला. त्याचं नाव सुटलं होतं, पण चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता.

"ताई, म्हणजे हात माझा चुकला नाही," तो म्हणाला. "पण शनिवारी मी म्हटलं असतं, येतो काका, तर?"

याचं उत्तर कुठल्या मापात तपासायचं, मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं.

त्याने स्कूटरला किक मारली. मग बंद केली. गंधार रस्त्याच्या कडेला उभा होता, कुठे जायचं ते न ठरलेल्या माणसासारखा. महिपती बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत राहिला.

"जेवलात का?" त्याने विचारलं.

गंधारने नकारार्थी मान हलवली.

"बसा मागे. घरी पिठलं-भाकरी असेल, दुसरं काही नाही."

गंधार क्षणभर घुटमळला आणि बसला. स्कूटर वारज्याच्या दिशेला वळली. मी कोपऱ्यापर्यंत पाहत राहिले.

मला दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. त्यात त्यांची चूक नव्हती, त्यांच्या मनात तेवढी जागाच नव्हती. शिवाय त्या दिवशी एकादशी होती, माझा उपास होता. विचारलं असतं तरी मी तो मोडला नसता.

पण गेले मात्र असते.